मशीन रिकामं असतं तेव्हा हप्ता कोण भरतं?

राजापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: आजोबा एलसीपीएस (जुनी वैद्यकीय पदविका) झालेले डॉक्टर होते, एक बॅग घेऊन गावोगाव फिरायचे. वडिलांनी १९८० च्या दशकात नर्सिंग होम काढलं आणि एक्सरे मशीन घेतलं. आता भाऊ कर्ज काढून सीटी स्कॅन आणायचं म्हणतोय. वडिलांचं म्हणणं, मशिनं आली आणि वैद्यकीचा धंदा झाला. हे खरंच मशिनांमुळे झालं का? इतिहास बघून घरातल्यांनी काय ठरवावं?

आधी माझी बाजू सांगतो. मी डॉक्टर नाही. एक्सरे आणि सोनोग्राफीची मशिनं बसवणं, दुरुस्त करणं हे माझं काम. महाडपासून सावंतवाडीपर्यंतच्या बऱ्याच नर्सिंग होमांच्या मागच्या खोल्या मी बघितल्यात, आणि हल्ली लहान हॉस्पिटलांना खरेदीचा सल्लाही देतो. त्यामुळे रोग्याच्या बाजूनं कमी आणि मशीनच्या बाजूनं जास्त बोलेन.

वडिलांच्या वाक्यात तथ्य आहे, पण दोष मशीनच्या नावावर टाकला की खरा मुद्दा निसटतो. मशीन चालतं तेव्हा फारशी अडचण नसते, ते रिकामं असतं तेव्हा असते. पावसाळ्यात बंदरात बांधून ठेवलेल्या ट्रॉलरसारखं आहे ते: जाळं टाका नाहीतर नका टाकू, बँकेचा हप्ता चुकत नाही. गेल्या दोनशे वर्षांत प्रत्येक नव्या यंत्राबरोबर हाच एक प्रश्न आला, की त्याच्या रिकाम्या तासांचे पैसे कोण भरणार. सरकार, धर्मादाय संस्था, विमा, मालक, की पुढच्या खाटेवरचा पेशंट? जिथे जे उत्तर मिळालं, तसा तिथला वैद्यकीचा व्यवहार घडला. म्हणून एकच सीटी मशीन परळमध्ये वेगळं वागतं, अमेरिकेत वेगळं आणि राजापुरात वेगळं.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही कबूल करतो. हायवेवरचं गाव आणि खाडीपलीकडचं गाव, ट्रस्टचं हॉस्पिटल आणि घरचं नर्सिंग होम, सरकारी आरोग्य योजनेत असलेलं आणि नसलेलं, यांचे हिशेब एकमेकांना लागू होत नाहीत.

आता आजोबांच्या बॅगेकडे येऊ. त्या बॅगेत काय असायचं बघा. स्टेथोस्कोप: फ्रान्सच्या लेनेकनं १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून त्याची सुरुवात केली. खिशात मावणारा थर्मामीटर: इंग्लंडच्या ऑलबटनं १८६० च्या दशकात केला, त्याआधीचा हातभर लांब असायचा आणि ताप दाखवायला बराच वेळ घ्यायचा. रक्तदाबाचा पट्टा: इटलीच्या रिवा-रोच्चीचा, १८९६ चा. हे सगळं त्या काळचं नवं तंत्रज्ञानच होतं, आणि त्यानं डॉक्टरचं वजन वाढवलं. पूर्वी पेशंट सांगेल ते ऐकायचं. आता डॉक्टरला पेशंटच्या आतलं असं काही कळू लागलं जे खुद्द पेशंटला माहीत नसायचं. पण या वस्तू एकदा घेतल्या की संपलं. हप्ता नाही, करार नाही, वीज नाही. म्हणून आजोबा एखाद्या घरून पैसे घेत, एखाद्या घरून तांदूळ किंवा आंब्याची पेटी, आणि एखाद्या घरून काहीच नाही. ते भले होतेच, पण त्यांना तसं वागणं परवडतही होतं. त्यांच्या बॅगेला कुणाचं देणं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात बराच काळ जगभर हॉस्पिटल म्हणजे गरिबाची जागा. ज्याला घर आणि माणसं आहेत त्याच्याकडे डॉक्टर जायचा, शस्त्रक्रियासुद्धा घरी व्हायची. हे चित्र उलटलं ते तीन गोष्टींनी. १८४६ मध्ये बोस्टनला मॉर्टननं ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. १८६७ मध्ये लिस्टरनं कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा सडण्यापासून वाचवल्याचं प्रसिद्ध केलं. आणि नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. राँटगेननं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे वर्षभरातच जगभर नळ्या आणि कॉइल विकणारे उभे राहिले. तरी एक्सरेला वीज लागते, अंधारी खोली लागते, शिकलेला माणूस लागतो. ऑपरेशनला निर्जंतुक खोली लागते. यातलं काही बॅगेत मावत नाही. डॉक्टर पेशंटकडे जायचा, आता पेशंटला मशीनकडे जावं लागलं. श्रीमंत माणूस पहिल्यांदा हॉस्पिटलच्या खाटेवर झोपला तो इथे, आणि त्याच्याबरोबर स्पेशल रूम आली, बिल आलं.

आणि बिलाबरोबर थकबाकीही आली. १९२९ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या बेलर हॉस्पिटलमध्ये शिक्षकांची थकलेली बिलं बघून किंबल नावाच्या व्यवस्थापकानं योजना काढली: महिन्याला अर्धा डॉलर द्या, वर्षात एकवीस दिवसांपर्यंतचा हॉस्पिटलचा खर्च आमचा. पुढे ब्लू क्रॉस नावानं पसरलेल्या आरोग्य विम्याचं मूळ हेच. पेशंटला दिलासा मिळाला हे खरंच, पण योजना सुचली ती हॉस्पिटलच्या वहीतून. इमारत, खाटा, यंत्रं यांचा रोजचा खर्च आजारपणाची वाट बघत थांबत नाही, म्हणून पैसा आधीच गोळा करायचा. विम्याची ही बाजू लोक विसरतात.

मग कोकणात काय झालं? मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथे, कारण आपल्याकडची गोष्ट पुस्तकांत फारशी येत नाही.

आपल्याकडे मशिनं उशिरा आली. गरिबी आणि रस्ते ही कारणं आहेतच, पण तेवढंच नाही. आपलं मोठं हॉस्पिटल आधीपासून मुंबईत होतं आणि त्याची कोकणी माणसासाठीची शाखा म्हणजे चाकरमान्याची खोली. केईएम १९२६ पासून परळला. टाटा मेमोरियल १९४१ पासून परळलाच. आणि आपली माणसं कुठे? लालबाग, परळ, शिवडी, करी रोड. म्हणजे गिरणीची चाळ आणि देशातली उत्तम सरकारी-धर्मादाय यंत्रसामग्री चालत जाण्याच्या अंतरावर. जैतापूर किंवा विजयदुर्गाला बोटीत बसायचं, पुढच्या काळात एसटीची रातराणी पकडायची, गावकीच्या खोलीत पथारी टाकायची आणि पहाटे केईएमच्या केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. मशीनचे रिकामे तास महापालिका भरत होती, पेशंटच्या नातेवाइकाचं राहणं-खाणं चाकरमानी भरत होता. गिरणीतल्या माणसाला कामगार विमा होता. अशा परिस्थितीत राजापुरात कुणी एक्सरे मशीन लावलं असतं तर त्याला फुकटाशी स्पर्धा करावी लागली असती.

घाटावरचा दुसरा रस्ता मिरजेचा. अमेरिकन मिशनच्या डॉ. वॉनलेस यांनी तिथे १८९४ मध्ये हॉस्पिटल काढलं आणि आंबा घाट चढून आपली माणसं तिथे ऑपरेशनला जात. तिथले रिकामे तास समुद्रापारच्या देणगीदारांनी भरले. तळकोकणाला गोवा आणि बेळगाव जवळ. आजही सिंधुदुर्गातला अपघाताचा पेशंट गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेतात, त्यात नवल काही नाही.

अर्थात ही सोय पावसाळ्यात कोलमडायची. बोटी बंद, घाटात दरड. जूनमध्ये अडलेली बाळंतीण किंवा फुटलेलं अपेंडिक्स मुंबईपर्यंत पोचत नसे. ती किंमत कुठल्याच हिशेबाच्या वहीत लिहिलेली नाही.

मग तुमच्या वडिलांची पिढी. १९८० नंतर तालुक्यांच्या गावी नर्सिंग होमं का उगवली, याबद्दल माझा एक कयास आहे, पटला तर घ्या. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत परळची ती शाखाच खिळखिळी झाली. कामगार विमा गेला, खोल्या विकल्या गेल्या, माणसं गावी परतली. त्याच सुमारास एमडी, एमएस झालेली स्थानिक मुलंही परत येत होती, आणि देशी बनावटीची लहान एक्सरे मशिनं बँकेच्या कर्जात बसू लागली. मुंबईनं उचललेला खर्च आता तालुक्यात कुणीतरी उचलायला हवा होता. तो उचलला तुमच्या वडिलांसारख्यांनी, घर आणि बागायत तारण ठेवून.

ते मशीन कसं चालायचं हे भावाला सांगा, त्याला गंमत वाटेल. साठ किंवा शंभर एमएचं (मिलीअँपिअर, म्हणजे लहान ताकदीचं) मशीन, सिंगल फेज लाइन. संध्याकाळी गावात दिवे लागले की व्होल्टेज इतकं पडायचं की कमरेचा फोटो पांढराफटक यायचा, म्हणून कमरेचे पेशंट सकाळीच बोलवायचे. डार्करूममध्ये डेव्हलपर, पाणी, हायपो (फोटो पक्का करणारं रसायन) अशा तीन टाक्या, हँगरला लावलेल्या फिल्म, आणि पावसाळ्यात त्या वाळता वाळायच्या नाहीत. कोऱ्या फिल्मच्या डब्याला दमट हवा लागली की आख्खा डबा वाया. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, ती काढणारे लोक येऊन हायपो विकत न्यायचे; काही ठिकाणी त्या पैशात कंपाउंडरची दिवाळी व्हायची.

व्यवहार कसा बसायचा? दिवसाला चार-पाच फोटो निघाले तर हप्ता सुटायचा. हाड मोडलेले, छातीचे, पोलिस केसचे एवढ्यातून चार निघत. आंब्याच्या हंगामात कलमावरून पडलेले यायचे. उरलेल्या दिवसांना प्रसूती आणि हर्नियाची ऑपरेशनं तारून न्यायची. म्हणजे एक विभाग दुसऱ्याला पोसायचा, आणि डॉक्टर स्वतः पगार न घेता चोवीस तास राबायचा. तुमच्या वडिलांना ‘धंदा’ हा शब्द टोचतो तो यामुळेच असावा. त्यांनी मशीन घेतलं, पण त्याचे रिकामे तास त्यांनी स्वतःच्या कष्टांनी भरले. तसं करणारा माणूस आता मिळत नाही, आणि मिळावा अशी अपेक्षा धरून खरेदीही करू नये.

सोनोग्राफीबद्दल थोडक्यात. ग्लासगोच्या इयन डोनाल्डनी १९५८ मध्ये पोटातल्या गाठींचे आणि गर्भाचे ध्वनिलहरींनी काढलेले चित्र प्रसिद्ध केले. आपल्याकडे हे मशीन सगळ्यात लवकर पैसे फेडणारं ठरलं: फिल्म नाही, किरणांच्या भिंती नाहीत, जागा थोडी. आणि त्याच सोपेपणातून गर्भलिंगनिदानाचं पाप झालं. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. पुढे २००३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून नोंदणी नसलेल्याला आम्ही मशीन विकूच शकत नाही. प्रत्येक गर्भवतीचा एफ फॉर्म भरावा लागतो, आणि मशीन एका खोलीतून दुसरीकडे हलवायचं तरी आधी कळवावं लागतं. डॉक्टर लोक कागदांना वैतागतात, पण मशीन गावोगाव फिरू दिलं की काय होतं हे आपण बघितलंय.

आता सीटी. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा ईएमआय या ग्रामोफोन रेकॉर्डच्या कंपनीतला इंजिनिअर. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये ऑक्टोबर १९७१ मध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. एका छेदाला चार-पाच मिनिटं लागत होती. बीटल्सच्या रेकॉर्डींच्या नफ्यातून सीटी जन्मला ही गोष्ट सांगायला झकास आहे, पण ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा पैसाही त्यात भरपूर होता. १९७९ मध्ये हाउन्सफील्डला कॉरमॅकबरोबर नोबेल मिळालं, आणि त्याच सुमाराला ईएमआय या व्यवसायातून बाहेर पडत होती, कारण तोवर जीई, सीमेन्ससारख्या कंपन्या तिला मागे टाकून गेल्या होत्या. मशीन शोधणारा वेगळा, विकणारा वेगळा आणि दहा वर्षं सर्व्हिस देणारा वेगळा. या व्यवसायात शेवटचा माणूस जिंकतो.

सीटी पसरण्याचं कारणही पैसे भरणाऱ्यात सापडतं. अमेरिकेत १९६५ च्या कायद्यानं आलेला मेडिकेअर हा म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा हॉस्पिटलांना झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे देत होता. खर्च केला की परत मिळतो म्हटल्यावर कोण थांबेल? शेजारच्या हॉस्पिटलकडे आहे म्हणून आपल्याकडेही, अशी खरेदी सुरू झाली. १९७४ मध्ये तिथल्या कायद्यानं मोठ्या यंत्राआधी राज्याकडून गरजेचा दाखला घ्यायला लावला. १९८३ मध्ये आजारागणिक ठरलेली रक्कम देण्याची पद्धत आणली. मशीन तेच, पण पैसे देण्याची रीत बदलताच त्याचं वागणं बदललं.

आपल्याकडे सरकारनं दुसरी वाट धरली. १९८८ च्या अधिसूचनेनं परदेशी यंत्रांवरची कस्टम ड्यूटी माफ केली, अट अशी की बाह्यरुग्णांतले ४० टक्के फुकट तपासायचे आणि १० टक्के खाटा महिना पाचशे रुपयांच्या आतल्या कुटुंबांसाठी ठेवायच्या. यंत्रं आली. अटी किती पाळल्या गेल्या यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. सवलत १९९४ मध्ये बंद झाली, पण तोवर १९९१ नंतरचं आयातीचं दार उघडलेलं होतं, जुनी दुरुस्त केलेली मशिनंही येऊ लागली. मग १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं डॉक्टरची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. त्यानंतर फायलीत रिपोर्ट असणं ही डॉक्टरचीही गरज झाली. पूर्वी ‘फोटो काढून बघूया काय?’ असं विचारायचे, नंतर विचारणं थांबलं आणि चिठ्ठी सुरू झाली.

चिठ्ठी म्हटलं की कटाचा, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलच्या कमिशनचा, विषय येतो. टाळून उपयोग नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांना २०१३ मध्ये एका निदान केंद्रानं एमआरआयसाठी पेशंट पाठवल्याबद्दल बाराशे रुपयांचा चेक पाठवला. त्यांनी तो वटवायचं सोडून मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. ही माणसाच्या लोभाची गोष्ट आहेच, पण माझ्या धंद्यातून बघितलं तर ती रिकाम्या तासांचीही गोष्ट आहे. जिथे एका मशीनपुरते पेशंट आहेत तिथे तीन मशिनं उभी राहिली की पेशंट पाठवणाऱ्याचा भाव वाढतो. मशीन जितकं महाग आणि रिकामं, तितका कट मोठा. म्हणून ‘आमचं सेंटर प्रामाणिक राहील’ एवढं म्हणून भागत नाही. प्रामाणिक राहायला परवडेल एवढंच कर्ज घ्यावं लागतं.

डॉ. बावस्करांचं नाव आलंच आहे तर वडिलांच्या वाक्याची दुसरी बाजूही बघू. सगळं नवं तंत्रज्ञान धंदा वाढवत नाही, काही धंदा मोडतं. लाल विंचवाच्या दंशानं कोकणात माणसं, विशेषतः मुलं, हृदय निकामी होऊन मरत. दाखल झालेल्यांतलेही तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना बावस्करांनी बारीक निरीक्षणं केली आणि पुढे रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून दाखवली; मृत्यू अगदी थोड्या टक्क्यांवर आले. हे लॅन्सेटमध्ये छापून आलेलं संशोधन आहे. पण प्राझोसिन विकायला कुणी टाय लावून आलं नाही, कारण त्यात हप्ता नाही, सर्व्हिस करार नाही, फायदा फक्त पेशंटचा.

क्षयाचंही तसंच. एके काळी क्षयाचा उपचार म्हणजे आरोग्यधामात महिनोन्‌महिने मुक्काम. मिरजेजवळची वॉनलेसवाडी आपल्या लोकांना चांगली माहीत. मद्रासच्या केंद्रानं १९५६ पासून केलेल्या अभ्यासात दिसलं की दाटीच्या घरात राहून गोळ्या घेणारे गरीब रोगीही आरोग्यधामातल्यांइतकेच बरे होतात, आणि घरच्यांना जास्त धोकाही होत नाही. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या आरोग्यधामांच्या खाटा हळूहळू रिकाम्या झाल्या. पोटाच्या अल्सरची ऑपरेशनं तर तुमच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत गेली: आधी ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या आल्या, मग अल्सरमागे जंतू असतो हे कळलं. सर्जनच्या नर्सिंग होमचं एक भरवशाचं उत्पन्न गेलं आणि कुणी हळहळलं नाही. मोतीबिंदूत तिसराच प्रकार झाला. मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून डोळ्यात बसवायचं भिंग आयात भिंगाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किमतीत बनवलं. आठवडाभर पडून राहणारा पेशंट त्याच दिवशी घरी जाऊ लागला. खाटेची कमाई बुडाली, पण ऑपरेशनं इतकी वाढली की शिबिरं भरवूनही पुरी पडेनात.

आणि आणखी एक प्रकार म्हणजे ज्यात मशीनपेक्षा त्याच्या तोंडी घालायच्या वस्तूला पैसे असतात. लॅबचं ॲनालायझर कंपनी जवळजवळ फुकट ठेवून जाते, रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, मात्र तिच्याकडूनच घ्यायची. डायलिसिसमध्ये डायलायझर (रक्ताची गाळणी), अँजिओप्लास्टीत स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी). स्टेंटच्या विक्रीसाखळीत किती मलई होती ते फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं कमाल किंमत बांधली तेव्हा बाहेर आलं: साधा ७,२६० रुपये, औषधवाला २९,६०० रुपये. त्याआधी औषधवाल्यासाठी लाखाच्या वर मोजले जायचे. बरीच हॉस्पिटलं हा खड्डा दुसऱ्या नावांनी भरायला लागली हेही खरं, पण साखळीतल्या मधल्यांना चाप बसला. सरकारी योजनेनंही असंच चित्र बदललं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. हीच आजची महात्मा फुले योजना. पैसे देणारा आला म्हटल्यावर ज्या उपचारांना पॅकेज आहे ती यंत्रं आली आणि ज्यांना नाही ती आली नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिसच्या खुर्च्या वाढल्या त्या अशा.

आतापर्यंतचं एकत्र करतो: बॅगेतल्या वस्तूंनी डॉक्टरचा मान वाढवला पण कर्ज नाही, जमिनीत पक्क्या बसणाऱ्या यंत्रांनी हॉस्पिटल आणि विमा जन्माला घातला, तोंडी काहीतरी लागणाऱ्या यंत्रांनी कंपनीला कायमचा भागीदार केलं, आणि काही शोधांनी धंदाच उठवला. तुमच्या भावाचं सीटी दुसऱ्या गटातलं.

हिशेब करू. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमचं कोटेशन वेगळं असेल. समजा सगळं मिळून दीड कोटी कर्ज, सात वर्षं, साडेदहा टक्के. हप्ता महिना अडीच लाखांच्या घरात. पार्ट्ससकटचा सर्व्हिस करार, म्हणजे सीएमसी, महिना पाऊण लाख धरा. तंत्रज्ञ, वीज, एसी, जनरेटर मिळून दीड लाख. झाले पावणेपाच लाख. रिपोर्टिंगचे पैसे, सवलती जाऊन एका स्कॅनमागे हातात अडीच हजार उरले, तर महिन्याला एकशे नव्वद स्कॅन. रविवार-गणपती-शिमग्यालाही मशीन चालू धरून रोज सहा-सात. भावाला विचारा, गेल्या वर्षी त्यानं स्वतः किती पेशंटना सीटीसाठी बाहेर पाठवलं? अंदाज नको, रजिस्टर काढून मोजायला सांगा. रोज एक-दोन निघत असतील तर उरलेले चार-पाच कुठून तरी ‘आणावे’ लागतील. ते आणण्याची रीत म्हणजेच वडील ज्याला धंदा म्हणतात ते.

तरी सीटी नकोच असं मी म्हणणार नाही. हायवेवरचा डोक्याचा मार, पक्षाघाताचा पहिला काही तासांचा वेळ, यात जवळचा सीटी जीव वाचवतो, आणि रत्नागिरी किंवा कोल्हापूरपर्यंतचा रस्ता पावसात किती वेळ खातो ते तुम्हाला मी सांगायला नको. प्रश्न मालकीचा आहे. लांजा, राजापूर, खारेपाटण या पट्ट्यातल्या चार-पाच डॉक्टरांनी मिळून एक मशीन घेतलं तर पेशंटसंख्या जमते आणि एकमेकांना चिठ्ठीमागे पैसे देण्याचं कारणही उरत नाही. फक्त करारात लिहून घ्या की नफा गुंतवणुकीच्या प्रमाणात वाटला जाईल, पाठवलेल्या पेशंटांच्या प्रमाणात नाही. दुसरं, महात्मा फुले योजनेत तुमचं हॉस्पिटल बसतं का ते आधी बघा, मशीन नंतर. तिसरं, घरच्या घरी करायचं असेल तर आत्ता जुनं एक्सरे बदलून डिजिटल पॅनल घ्या. डार्करूम सुटेल, फिल्मचा खर्च जाईल, आणि रिपोर्ट रात्री मुंबई-पुण्याच्या रेडिऑलॉजिस्टकडून दर केसप्रमाणे घेता येईल. पगाराचा खर्च केसमागच्या खर्चात बदलतो, आणि लहान गावात हा बदल कुठल्याही नव्या यंत्राइतका मोलाचा आहे.

कोकणापुरत्या दोन गोष्टी, ज्या मुंबईचा विक्रेता सांगत नाही. जड मशीन म्हणून ते तळमजल्यावर टाकतात. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या यंत्रांचं काय झालं ते तिथल्या कुणाही डॉक्टरला विचारा. राजापूरच्या बाजारपेठेत अर्जुना आणि कोदवलीचं पाणी येतं हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा जोतं उंच घ्या आणि पुराचं विमा कलम वाचून घ्या. आणि वीज: निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडे आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. जनरेटर सीटीचा भार पेलेल एवढा घ्यायचा की मशीन तेवढे दिवस बंद ठेवायचं, हे खरेदीआधीच ठरवा, कारण त्यात काही लाखांचा फरक पडतो. खाऱ्या हवेत एसीचे बाहेरचे युनिट लवकर गंजतात, तेही धरा.

शेवटी कोटेशन. भावाकडे कमीत कमी दोन कंपन्यांची असतील. किंमत बघण्याआधी ट्यूबची वॉरंटी महिन्यांत लिहिलीय की स्कॅनच्या संख्येत ते बघा, आणि सीएमसीत ट्यूब धरलीय का तेही. ट्यूब हा सीटीचा सगळ्यात महाग झिजणारा भाग. मग सीएमसीची रक्कम सातव्या वर्षापर्यंत, वर्षागणिक, लिहून मागा. फक्त पहिल्या वर्षाचीच लिहिलेली असेल तर ते कोटेशन अजून पूर्ण झालेलं नाही, सही करू नका.